कानशीने काढलेली खाच

“हे कार्ड कोणत्या गाढवाने कापलंय?” मी विचारलं.

टेबलापलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी ते कार्ड आधी वर्तमानपत्रात, मग फडक्यात आणि वरून दुधाच्या पिशवीत गुंडाळून ओझरहून स्कूटरवर आणलं होतं. एवढी काळजी आधी घेतली असती तर, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते तेवढं गिळलं.

कॉम्प्युटर हार्डवेअरच्या धंद्यात मला तीस वर्षं होत आली. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. आमटीत बुडालेला कीबोर्ड मी पाहिलाय. पालीने आत अंडी घातलेलं कॅबिनेट पाहिलंय. पण कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये कोणीतरी जास्तीची खाच काढलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

जरा सांगते. कॉम्प्युटर उघडला की आत एक मोठी सपाट पाटी दिसते. तो मदरबोर्ड. त्यावर प्लास्टिकच्या लांबट फटी असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. कॉम्प्युटरला मुळात येत नसलेलं काम त्याच्याकडून करून घ्यायचं असेल, तर त्या कामाचं कार्ड या स्लॉटमध्ये उभं खोचायचं. आवाजाचं कार्ड, नेटवर्कचं कार्ड, असं. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ असते आणि त्या ओळीत एक खाच असते. स्लॉटमध्ये त्याच जागी प्लास्टिकचा छोटा आडवा पडदा असतो. खाच बरोबर पडद्यावर आली तर कार्ड खाली उतरतं, नाहीतर वरच अडतं.

या कार्डाला दोन खाचा होत्या. एक कारखान्यातून आलेली. दुसरी हाताने काढलेली.

मी भिंग लावून पाहिलं आणि माझा आवाज जरा खाली आला. करवत नव्हती ती, कानशीचं काम होतं. कडा सरळ, कोपरे काटकोनात, शेवटी बारीक कानस फिरवून धारही मोडलेली. एका बाजूला मात्र दोन बारीक ओरखडे होते, हात निसटल्यासारखे.

“कोणी केलंय हे?”

“आमच्या नानांनी. माझे सासरे,” बाई म्हणाल्या. “आयटीआयमध्ये फिटिंग शिकवायचे ते. बोरस्ते सर.”

तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची काही सोय नसते. मी उठून पाणी प्यायले.

आयटीआयमध्ये तुम्ही कुठलाही ट्रेड घ्या, पहिले काही महिने हातात कानस येतेच. माझा ट्रेड इलेक्ट्रॉनिक्स होता. आमच्या बॅचमध्ये मुली दोनच. माझं माहेरचं आडनाव पगार. बागलाणात हे आडनाव गावोगाव सापडतं, पण वर्कशॉपमध्ये सरांनी “पगार, इकडे ये” अशी हाक मारली की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, “सर, आमचापण बोलवा.” सर सोडून सगळे हसायचे.

सरांनी दिलेला पहिला मोठा जॉब म्हणजे चौकोनात चौकोन. लोखंडी पट्टीत एक चौकोनी भोक पाडायचं, दुसरा चौकोनी तुकडा घासून त्या भोकात बसवायचा. हाताने सरकला पाहिजे, पण हलता कामा नये. सर तो जॉब खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “पगार, उजेड येतोय.” म्हणजे फट आहे. जॉब परत माझ्याकडे. दुसऱ्यांदा तेच. शिवाय वर एक टोला, “कानस म्हणजे झाडू नाय.” तिसऱ्यांदा मी वैतागून तुकडा हातोडीने ठोकूनच बसवला. उजेड येण्याचा प्रश्नच नव्हता. सरांनी तो जॉब नुसता हातात तोलला आणि म्हणाले, “ठोकून बसवलेलं बसलेलं नसतं. ते अडकलेलं असतं. नवीन तुकडा घे.” शेवटी मला दहापैकी सात मार्क मिळाले. त्या सात मार्कांचा राग मी कित्येक वर्षं बाळगला.

त्याच सरांचं हे कार्ड होतं.

सूनबाईंचं नाव कविता. तिने सगळं सांगितलं. रिटायर झाल्यावर सरांनी ओझरला घरामागच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन घेतलं. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून त्याला हवा तो आकार द्यायचं यंत्र. सरांनी त्याला मोटरा लावल्या आणि ते कॉम्प्युटरवर घेतलं. त्या मोटरांना हुकूम सोडायचं काम या कार्डाकडे होतं. त्यावर सर द्राक्षाच्या फवारणीच्या जुन्या पंपांचे पितळी भाग करायचे. नोझल, बुश म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या छोट्या नळ्या, व्हॉल्व्हच्या चकत्या. ज्या पंपांचे भाग बाजारात मिळायचे बंद झाले, ते पंप घेऊन पार चांदवडपासून शेतकरी यायचे.

“तीन वर्षं झाली, नानांचे हात कापतात,” कविता म्हणाली. “चहाचा कप मीच अर्धा भरून देते. शर्टाची बटणं लावता येत नाय. पण मशीनला काय फरक पडत नाय ना मॅडम. माप टाकायचं आणि बटण दाबायचं. तेवढं केलं की दिवस चांगला जातो त्यांचा.”

मग मदरबोर्ड गेला. ओळखीच्या भंगारवाल्याकडून सरांनी एक मोठा बोर्ड आणला. कार्ड त्यात बसेना. सरांनी खाच काढून ते बसवलं. बटण दाबल्यावर धूर निघाला नाही, पण स्क्रीन जी काळी झाली ती झालीच.

“आमचे हे म्हणतात, आता पुरे. नानांचं वय झालं. शेडमध्ये गाडी लावू. खंडेनवमीला मशीनची शेवटची पूजा करायची आणि दसरा झाला की भंगारात द्यायचं, असं ठरलंय.” ती फडक्याची घडी घालत होती. “त्या दिवसापासून नाना शेडकडे पाठ करून खुर्ची टाकतात.”

खंडेनवमीला आठ दिवस होते. द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे पंप घेऊन माणसंही येणारच होती. मी कार्ड ठेवून घेतलं आणि सरांना घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. जिना चढायला वेळ लागला, पण कविताचा हात त्यांनी धरला नाही. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. दारात उभे राहून त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

“पगार ना तू? उजेडवाली?”

“हो सर.”

“गाढव म्हणालीस म्हणे.”

मी कविताकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

“कोणी केलंय ते कळायच्या आधी म्हणाले, सर.”

“मग ठीक आहे. आता कळलंय, आता काय म्हणशील?”

मी खुर्ची पुढे केली आणि विषय बदलला. कार्ड मध्ये ठेवून विचारलं, “सर, इथे खाच काढावी असं तुम्हाला का वाटलं?”

“सगळं जुळत होतं,” सर म्हणाले. “पट्ट्यांची जाडी तीच. दोन पट्ट्यांतलं अंतर तेच, मी मोजलं. फक्त हा एक पडदा आडवा येत होता. मला वाटलं, कंपनीचं माप चुकलं. जन्मभर हेच केलं ना. पार्ट येतो, अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं असतो, आपण घासून बसवतो. व्हाइसच्या जबड्यात दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये धरलं, कोपर पोटाला टेकवलं आणि घासलं. दोन दिवस लागले.”

फिटरशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कोणी जोर लावून कार्ड मोडलं असतं, नाहीतर नाद सोडला असता. माप चुकलंय आणि ते आपण दुरुस्त करू शकतो, हे फक्त फिटरलाच वाटू शकतं.

“सर, तो पडदा चुकून आलेला नाही. मुद्दाम ठेवलाय,” मी म्हणाले. “तुमचं कार्ड पाच व्होल्टवर बोलतं. त्या मोठ्या बोर्डाला सव्वातीनच्या आसपास व्होल्ट सोसतात, त्याहून जास्त नाही. दोघांचे स्लॉट दिसायला सख्खे भाऊ. म्हणून एकाचा पडदा एका टोकाला ठेवला, दुसऱ्याचा दुसऱ्या टोकाला. चुकीचं कार्ड आत जाऊच नये म्हणून. तुमच्या कार्डाने पाच व्होल्ट सोडले आणि बोर्ड गेला.”

सरांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मी ठोकून बसवलं,” ते म्हणाले.

मला ते वाक्य आठवत होतं. पण त्यांनाही आठवत असेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनात जपलेला राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. मला नुसतं वाईट वाटलं, आणि मी घाईने सांगायला लागले की सर, कार्ड बहुतेक शाबूत आहे. जिथे त्यांनी खाच काढली तिथल्या पट्ट्या फक्त अर्थिंगच्या होत्या, आणि अर्थिंगच्या पट्ट्या त्या कार्डावर आणखी बऱ्याच होत्या. किंबहुना नंतर निघालेल्या कार्डांना तिथे कंपनीच खाच देते, म्हणजे ती दोन्हीकडे चालतात. सरांची कानस थोडी पुढे गेली असती तर कामाच्या पट्ट्या कापल्या असत्या.

“म्हणजे नशीब,” कविता म्हणाली.

“नशीब कसलं, मापात काढलीये,” सर म्हणाले. जरा रंग परत आला चेहऱ्यावर.

माझ्या टेबलावर एक नवा मदरबोर्ड उघडा पडला होता. सरांची नजर तिकडे गेली. त्यावर एक लांबच लांब स्लॉट होता, खाली दोन अगदी बोटभर, आणि शेवटी पुन्हा एक लांब.

“आता हे बघ,” सर म्हणाले. “एकाच बोर्डावर दोन तऱ्हा. एकच माप ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? कारखान्यात स्टँडर्ड नावाची गोष्ट असते की नाय?”

हा प्रश्न मला गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. पण परीक्षा घेतल्यासारखा कोणी विचारत नाही.

“सर, हे सगळे एकाच जातीचे आहेत. पट्ट्यांचं अंतर एक, व्होल्टही एकच. फरक फक्त लेनचा. माहिती ये-जा करायला रस्ता असतो, त्याला लेन म्हणतात. बोटभर स्लॉटला एक लेन. लांब स्लॉटला सोळा. चित्र दाखवणाऱ्या कार्डाला माहितीचे लोंढे लागतात, त्याला सोळा लेन द्यायच्या. नेटवर्कचं कार्ड एका लेनवर खुशाल चालतं.”

“मग सगळ्यांनाच सोळा द्या. ज्याला नको तो वापरणार नाय.”

“लेन निघतात प्रोसेसरमधून आणि त्याच्या जोडीच्या चिपमधून. त्या मोजक्याच असतात. प्रत्येकाला सोळा वाटायला पुरणार नाहीत. शिवाय बोर्डावर तेवढ्या तांब्याच्या रेघा ओढायला जागा कुठून आणायची?”

सरांनी लांब स्लॉटवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “पाटाच्या पाण्यासारखं हाय हे. पाटाला पाणी किती येणार ते ठरलेलं. चारी किती रुंद खोदायची ते शेत बघून ठरवायचं. भाजीच्या वाफ्याला कोणी उसाची चारी खोदत नाय.”

कित्येक वर्षं मी लोकांना हे समजावतेय. चारीचं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी तेच देते.

“आणि मोठ्या चारीतून थोडंच पाणी सोडलं तर?”

“चालतं, सर. छोटं कार्ड लांब स्लॉटमध्ये खुशाल चालतं. लांब कार्ड छोट्या स्लॉटमध्ये बसत नाही. काही बोर्डांवर छोट्या स्लॉटचं टोक उघडं ठेवतात, तिथे लांब कार्डही बसतं, फक्त पाणी कमी मिळतं. आणि हा खालचा लांब स्लॉट दिसतो ना, तो फसवा आहे. लांबी सोळाची, आत लेन चारच.”

“चारी रुंद, पाणी चार बोटं,” सर म्हणाले. “अशा चाऱ्या आमच्याकडे पण हायेत.”

सरांचं कार्ड या जातीचं नव्हतं, त्याच्या मागच्या पिढीचं होतं. आमच्या वेळी बोर्ड उघडला की स्लॉट रंगावरून ओळखता यायचे. काळा लांब, पांढरा मध्यम, आणि जरा आत सरकवलेला चॉकलेटी. ते एकमेकांचे भाऊ नव्हते, शेजारी होते. प्रत्येकाची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येकाचं दार वेगळ्या मापाचं. काळ्यात पांढऱ्याचं कार्ड जायचंच नाही. मला ते रंग अजून आठवतात, आणि नवीन बोर्ड उघडला की सगळे स्लॉट काळे बघून उगाच चुकल्यासारखं होतं. सरांचं कार्ड पांढऱ्या स्लॉटचं होतं, आणि पांढरे स्लॉट आता नवीन बोर्डांवरून जवळजवळ गेलेच.

पण त्यावर उपाय होता. नव्या छोट्या स्लॉटमध्ये खोचायचं एक अडॅप्टर मिळतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला जुना पांढरा स्लॉट असतो. मी सरांना छातीठोकपणे सांगितलं, दोन दिवसांत मशीन चालू.

अडॅप्टर आलं. सरही हट्टाने पुन्हा आले. मी नव्या बोर्डात अडॅप्टर खोचलं, अडॅप्टरमध्ये सरांचं कार्ड. कार्डावरचा छोटा हिरवा दिवा लागला.

“बसलं, सर.”

“दिसतंय. चालतंय का?”

नाही चाललं. कॉम्प्युटरला तिथे काहीतरी आहे एवढं कळत होतं, काय आहे ते कळत नव्हतं. कार्डाला बोलतं करणारा प्रोग्राम जुन्या विंडोजसाठी लिहिलेला. कार्डाची कंपनी केव्हाच बंद पडलेली. ते जुनं विंडोज या नव्या बोर्डावर चढेना. मी दुपारभर नाना प्रकार केले. सर समोर बसून होते. शेवटी तेच म्हणाले, “राहू दे पगार.”

मला स्वतःची लाज वाटली. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना शिकवत होते की बसतंय म्हणजे चालेल असं नसतं. आणि दिवा लागलेला बघून मीच आधी नाचले होते.

जुन्या प्रोग्रामला जुनं विंडोज हवं, जुन्या विंडोजला जुना बोर्ड. म्हणजे आता माळा.

दुकानाच्या माळ्यावर मी जुने बोर्ड ठेवते. आमच्या घरी हा भांडणाचा कायमचा विषय आहे. नवऱ्याचं म्हणणं, तू दुकान चालवतेस की म्युझियम. मागच्या दिवाळीत त्याचं ऐकून मी अर्धा माळा रिकामा केला होता. चांगले, चालते बोर्ड किलोवर गेले. आता शिडीवर उभी राहून मी त्यातला एकेक आठवत होते.

तीन उरले होते. पहिला मुळात सुरूच झाला नाही. दुसऱ्यावरचा पांढरा स्लॉट तडकलेला होता. तिसरा पिशवीतून काढला आणि त्यावर चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली. माझंच अक्षर, जरा वळणदार, तेव्हा वेळ असायचा. ‘डेमो. विकू नये.’

हा माझ्या दुकानातला पहिला कॉम्प्युटर. काचेत ठेवलेला असायचा. लोक यायचे, त्याच्याकडे बघायचे आणि मला विचारायचे, “इंजिनिअर कधी येतील?” मी म्हणायचे, “आल्या आहेत.” मग ते जरा वेळ उभे राहायचे, कोणी पुरुष आतून येतोय का ते बघत. घोटीचे एक भातगिरणीवाले तर तीनदा येऊन गेले आणि चौथ्यांदा मशीन घेतलं. मी त्या बोर्डावर हात फिरवला. बोटाला धूळ लागली तरी फिरवत राहिले.

बोर्डावरचे पाच कपॅसिटर फुगलेले होते. कपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ धरून ठेवणारी छोटी नळकांडी. म्हातारी झाली की त्यांची पोटं फुगतात आणि बोर्ड अडखळतो. ती काढायची, त्याच मापाची नवीन लावायची. मी पाचही बदलले. मग बोर्डाला वीज दिली आणि स्पीकरमधून एकच बारीक ‘टिट’ आलं. हल्लीचे बोर्ड हा आवाज करत नाहीत. आमच्या वेळी एक ‘टिट’ म्हणजे सगळं ठीक, आणि तो ऐकेपर्यंत आम्ही श्वास धरायचो. आताही मी धरलाच होता.

ओझरहून मागवलेली सरांची जुनी हार्ड डिस्क लावली, जुनं विंडोज आणि प्रोग्राम तिच्यावरच होते. कार्ड पांढऱ्या स्लॉटवर ठेवलं. कारखान्याची खाच पडद्यावर बरोबर आली, आणि अंगठ्याने जरासं दाबल्यावर ते खाली उतरलं. सरांची खाच रिकामीच राहिली, तिचा कोणाला त्रास नव्हता. प्रोग्राम उघडला. स्क्रीनवर अक्षरं आली: कार्ड सापडलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ओझरला गेले. शेडमध्ये तेलाचा आणि पितळेच्या किसाचा वास होता. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हाच वास यायचा, त्यामुळे मला आत पाऊल टाकल्या टाकल्या उगाच भीती वाटली. पूजेसाठी कविताने सगळ्या कानशी पुसून पाटावर मांडल्या होत्या. तिचा नवरा सचिन हाताची घडी घालून दाराशी उभा होता.

“चालू झालं तरी किती दिवस चालणार, मॅडम?” त्याने विचारलं. माणूस वाईट नव्हता. बापाच्या हाताला काही होईल ही त्याची भीती होती.

“ते मला नाही सांगता येणार,” मी म्हणाले. “पण मी माळ्यावरचे बोर्ड आता विकत नाही.”

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, वायरी जोडल्या. सरांनी लेथमध्ये पितळेची कांडी स्वतः लावली. कांडी आवळायची चावी लावताना हात दोनदा घसरला. सचिन पुढे झाला, कविताने त्याचा सदरा धरला. तिसऱ्यांदा चावी बसली. सरांनी एका बोटाने, कीबोर्डवर दुसरा हात टेकवून, माप टाकलं. मग बटण दाबलं.

मोटरा गुणगुणल्या. हत्यार हळूच पुढे सरकलं आणि पितळेचा पिवळा किस वळून खाली पडायला लागला. पाच मिनिटांत एक बुश तयार झाला. सरांनी तो गरमच उचलला, या हातातून त्या हातात घेतला, मग सचिनच्या तळहातावर ठेवला. सचिनने तो फिरवून फिरवून पाहिला.

“गाडी काय, बाहेर चिंचेखाली पण राहते,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

कविताने डोळ्याला पदर लावला. मी कॅबिनेट बंद करायच्या नादात असल्यासारखं केलं, कारण मलाही तेच होत होतं.

आणि तिथे एक बारीक घोळ निघाला. प्रत्येक कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याची एक उभी पट्टी असते. ती कॅबिनेटच्या मागच्या फटीवर बसते आणि स्क्रूने आवळतात. कॅबिनेट जुनं, बोर्ड दुसरा. पट्टी मिलिमीटरभर अडत होती. मी स्क्रू तिरका घालून आवळायला लागले. एवढ्याने काही बिघडत नाही, आम्ही रोज करतो.

“ठोकू नको,” मागून आवाज आला.

“सर, स्क्रू आहे. ठोकत नाहीये.”

“तेच ते. फट राहिली की किस आत जाणार. पितळेचा किस बोर्डावर पडला तर काय होतं ते तू मला सांगायचंस का मी तुला?”

बरोबर होतं त्यांचं. पितळेतून वीज वाहते. सरांचा अगदी पहिला, मूळचा बोर्ड बहुधा त्यानेच गेला असणार, आणि हे मला सुचायला हवं होतं. मी कार्ड काढलं, पट्टी सोडवली, व्हाइसमध्ये धरली आणि पूजेच्या पाटावरची एक बारीक कानस उचलली. कविता “अगंबाई” म्हणाली. सर म्हणाले, “घेऊ दे. हत्याराची पूजा कामानेच होते.”

या प्रकरणातून मी धंद्यापुरता एक धडा घेतला. एखादी वस्तू जागेवर बसत नसेल तर ती का बसत नाही हे आधी विचारावं. कधी माप चुकलेलं असतं, तेव्हा कानस उचलावी. कधी कोणीतरी शहाण्या माणसाने तुम्हाला मुद्दाम अडवलेलं असतं, तेव्हा हात मागे घ्यावा. दोन्हीतला फरक भिंगातून दिसत नाही, कागदपत्रं वाचावी लागतात. दुकानात मी हे लिहून लावलंय. कोणी वाचत नाही.

मी घासलं, पट्टी लावून पाहिली, परत घासलं. मग ती जागेवर धरून सरांना दाखवली. सर कॅबिनेटच्या मागे वाकले. उजव्या हाताची थरथर डाव्या हाताने दाबली, एक डोळा मिटला.

“पगार, उजेड येतोय.”

मी पट्टी परत व्हाइसमध्ये धरली. दुसऱ्यांदाही उजेड आला. तिसऱ्यांदा सर बराच वेळ बघत राहिले आणि काही न बोलता सरळ झाले. मी स्क्रू घातला, तो दोन बोटांनीच आत गेला.

“किती, सर?” मी विचारलं. “दहापैकी.”

सरांनी शांतपणे विचार केला.

“आठ.”